वेताळाच्या चपला

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी अडखळलो, खोकलो, मध्येच खिडकीखालून रिक्षा गेली, तेवढं गाळलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

या भागाला कारण झाली माझी भाची. वय वर्षं नऊ. मे महिन्यात ती आजोळी, म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या घरी आली होती. दुपारचं ऊन मी म्हणत होतं, आजीने मोबाइल काढून कपाटात ठेवलेला आणि पोरीची चिडचिड चालू. म्हणून मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत माझी जुनी इंद्रजाल कॉमिक्स होती. मराठीतली. कागद पिवळा पडलेला, काही अंकांची मुखपृष्ठं गायब, स्टेपलच्या पिना गंजलेल्या. पण वेताळ शाबूत होता. जांभळा पोशाख, डोळ्यांवर पट्टी, बोटात कवटीची अंगठी.

"वाच," मी म्हटलं. "आम्ही यासाठी मारामाऱ्या केल्यात." आणि खरंच केल्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं, तिथे दिवसाला चार आणे भाड्याने अंक मिळायचा. चौघांनी मिळून एक अंक आणायचा आणि संध्याकाळच्या आत चौघांनी वाचून परत करायचा. ज्याचा नंबर शेवटी, त्याला गोष्ट आधीच कळलेली असायची, तरी तो वाचायचा.

भाची दहा-बारा पानं गप्प बसून वाचत होती. मला वाटलं, लागली गोडी. मग तिने मान वर केली.

"मामा, हा गोरा का आहे?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"आणि जंगलात एवढी माणसं राहतात, मग त्यांना वाचवायला बाहेरचा माणूस कशाला लागतो? त्यांच्यातलं कोणी का नाही?"

"अगं, जुनं आहे ते," मी म्हटलं. हे काही उत्तर नव्हे, हे मलाही माहीत होतं. तिने अंक बाजूला ठेवला आणि आजीकडे मोबाइल मागायला गेली.

तर मंडळी, आजचा भाग त्या बाजूला ठेवलेल्या अंकाबद्दल आहे. एका पिढीने जीव टाकलेला नायक पुढच्या पिढीच्या हातात देताना त्याचं काय करायचं? तसाच द्यायचा? बदलून द्यायचा? बदलायचा तर काय बदलायचं आणि काय ठेवायचं? हा प्रश्न माझ्या भाचीने पहिल्यांदा काढलेला नाही. आपल्याकडे तो किमान साठ वर्षं जुना आहे आणि त्याची काही फार हुशार उत्तरं आपल्याच माणसांनी दिलेली आहेत.

बंगल्लाचं डेंकाली कसं झालं

आधी मूळ गोष्ट. अमेरिकेत ली फॉक नावाच्या लेखकाने १९३६च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांसाठी एक चित्रमालिका सुरू केली, 'द फँटम'. चित्रं रे मूर यांची. त्याआधी दोन वर्षं फॉकचा जादूगार मँड्रेक सुरू झालेला होता. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती, बॅटमॅनला तीन. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मुखवटा आणि मुखवट्यातून न दिसणारी बुबुळं, हे सगळं फँटमने या दोघांच्या आधी केलं.

गोष्ट अशी. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज बुडवलं. एकच तरुण वाचला आणि किनाऱ्याला लागला. तिथल्या टोळीने त्याला जगवलं. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन त्याने शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज अन्यायाविरुद्ध लढत राहू. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो. लोकांना वाटतं, हा चारशे वर्षं जगणारा एकच माणूस आहे, याला मरण नाही. आपण वाचतो तो एकविसावा. त्याला उडता येत नाही, त्याच्या अंगावर गोळी लागली तर रक्त येतं. त्याची सगळी ताकद लोकांच्या त्या समजुतीत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९६४च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांत ते निघायचं. सुरुवातीला ते मासिक होतं, मग पाक्षिक झालं आणि आमच्या लहानपणापर्यंत साप्ताहिक. १९९०मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या आसपास अंक निघाले. त्यात मँड्रेक होता, फ्लॅश गॉर्डन होता, पण सुरुवातीचे तीसेक अंक सगळे फँटमचेच. दुकानदाराकडे जाऊन पोरं 'वेताळ आला का?' असंच विचारायची. इंद्रजाल हे नाव कोणी घेत नसे.

आता संपादकांपुढची अडचण बघा. फॉकने आपल्या नायकाचा मुलुख आधी आपल्याच बाजूला कुठेतरी कल्पिलेला होता, नंतर तो हळूहळू आफ्रिकेकडे सरकला. त्या देशाचं नाव बंगल्ला. चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग. आणि नायकाच्या बापाला मारणाऱ्या माणसाचं नाव रामा! आता सांगा, आमच्या पंचवटीत, काळाराम मंदिराच्या दारात बसून हे वाचायचं कसं? म्हणून भारतीय आवृत्तीत बंगल्लाचं डेंकाली झालं, सिंगचं सिंगा झालं आणि रामाचं रामालू. चित्रं तीच, गोष्ट तीच. फुग्यातली दोन-चार अक्षरं बदलली आणि भारतातला वाचक दुखावण्यातून वाचला. नव्या वाचकासाठी जुनी गोष्ट दुरुस्त करण्याचा हा सगळ्यात साधा प्रकार. जे टोचतं ते काढून टाकायचं.

पण दुसरा बदल याहून फार मोठा होता, आणि तो काढण्याचा नव्हता, घालण्याचा होता. फँटम हे नाव मराठीत तसंच ठेवता आलं असतं. 'भूत' किंवा 'छाया' असं काही करता आलं असतं. बंगालीत त्याला 'अरण्यदेव' केलं, तेही सुंदरच आहे. मराठीत तो 'वेताळ' झाला.

आपण बहुतेक जण म्हणतो, हां, ते विक्रम-वेताळवरून. असेलही. 'चांदोबा'मुळे विक्रमाच्या पाठीवरचं ते प्रेत घरोघरी माहीत होतं. हिंदीतही तो 'वेताल'च आहे. पण मराठी वेताळ फक्त गोष्टीतला नाही. तो गावच्या वेशीवरचा देव आहे. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. कोकणात आणि गोव्यात त्याची देवळं आहेत. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आरवली गावात देव वेतोबाचं मंदिर आहे, जयवंत दळवींचं गाव ते. तिथे गेलात तर देवापुढे भल्यामोठ्या चामड्याच्या चपला दिसतील. नवस फेडायला लोक केळ्याचे घड देतात आणि चपला वाहतात. कारण श्रद्धा अशी, की वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात.

आता फॉकच्या नायकाचं इंग्रजीतलं बिरुद काय होतं? चालणारं भूत. न मरता, पिढ्यान्‌पिढ्या, जंगलाची राखण करत चालणारं.

ज्याने कोणी हे नाव मराठी अंकावर चढवलं, त्याच्या मनात आरवलीच्या चपला होत्या की नव्हत्या, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात त्या होत्या, निदान ज्यांचं मूळ कोकणात त्यांच्या तरी. माझी आजी मालवणकडची. माझ्या हातातला अंक बघून ती म्हणाली होती, "वेतोबाचा पुस्तक वाचतंस? वाच, बरा असता." अमेरिकेतल्या एका पट्टीदार चित्रमालिकेला माझ्या आजीची मान्यता एका शब्दाने मिळवून दिली. याला मी भाषांतर म्हणणार नाही. हा नायक नव्याने घडवणं आहे.

दुसरा रस्ता आमच्या नाशिकचा

इंद्रजालचा रस्ता असा होता, की गोष्ट बाहेरची घ्यायची आणि नाव घरचं द्यायचं. याच्या बरोबर उलटा रस्ता त्याच्या पन्नास वर्षं आधी आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने दाखवला होता.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. १९११मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण येत होते, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला आणि १९१७चा 'लंकादहन' इथला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. हनुमान उडताना पाहायला लोक लोटले. पाहिलंत ना? उडणारा, शेपटीने नगर पेटवणारा, अफाट ताकदीचा नायक पडद्यावर आला तेव्हा सुपरमॅनचा पत्ताही नव्हता. फाळक्यांनी यंत्र आणि तंत्र बाहेरचं घेतलं, नायक घरचा ठेवला.

हाच रस्ता १९६७मध्ये अनंत पै यांनी धरला, आणि मजा म्हणजे ते आले होते इंद्रजालच्याच वर्तुळातून. दिल्ली दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांबद्दल सांगता आलं, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हा किस्सा पै नेहमी सांगत. त्यातून 'अमर चित्र कथा' उभी राहिली. चौकटी, फुगे, रंग सगळं पाश्चात्य कॉमिक्सचं, आत कृष्ण, अभिमन्यू, शिवाजी. तिथे चित्रं काढणाऱ्यांत राम वाईरकर होते, पुण्याचे प्रताप मुळीक होते. या मुळीकांनीच १९८६मध्ये राज कॉमिक्सच्या 'नागराज'चा पहिला अंक चितारला. म्हणजे हिंदी पट्ट्यातल्या पोरांना वेड लावणाऱ्या त्या सापवाल्या महानायकाला पहिलं रूप दिलं पुण्याच्या चित्रकाराने.

मधला रस्ताही कोणीतरी काढला. १९७६च्या शेवटी इंद्रजालमध्ये 'बहादूर' आला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूर जीनवर भगवा कुर्ता घालायचा. तो डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायचा त्यानेच याला वाढवलेलं. पुढे तो गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. चार वर्षांपूर्वी, १९७२मध्ये, चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रं ठेवली होती, ती बातमी सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. बहादूरला मुखवटा नव्हता, घराण्याची परंपरा नव्हती, आणि गावाला वाचवायला तो एकटा पुरत नव्हता. गावाला स्वतःच उभं राहावं लागायचं. माझ्या भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरतींनी १९७६मध्येच देऊन ठेवलं होतं. ट्रंकेत बहादूरचे अंक खाली दबलेले होते, मी तिला वरचा वेताळ काढून दिला.

लेखकाने स्वतः केलेली दुरुस्ती

आता तिचा पहिला प्रश्न. हा गोरा का आहे?

कारण १९३६चा अमेरिकी लेखक तसाच विचार करत होता. किपलिंगच्या, टारझनच्या गोष्टींवर वाढलेला तो. जंगल म्हटलं की तिथले लोक भोळे आणि गोरा माणूस शहाणा. वेताळाला जगवणाऱ्या टोळीचं मूळ नाव बंदार आहे, आणि हिंदीत बंदर म्हणजे काय हे सांगायला नको. देशाचं नाव बदललं, मारेकऱ्याचं बदललं, पण चित्रातला सिंहासनावर बसलेला गोरा आणि भोवती उभे काळे लोक, हे फुग्यातली अक्षरं बदलून जात नाही. आम्ही लहानपणी ते पाहिलंच नाही. दीडशे वर्षं गोऱ्याच्या राज्यात काढलेल्या देशातली आम्ही पोरं, आणि आम्ही बेधडक त्या गोऱ्याच्या बाजूने. आज विचार केला की जरा विचित्र वाटतं.

पण फॉकबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो १९९९मध्ये गेला, तोपर्यंत साठ-बासष्ट वर्षं हीच मालिका लिहीत होता, आणि त्याने स्वतःची गोष्ट जागेवर थांबू दिली नाही. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, तेव्हा त्याच्या काल्पनिक देशातही निवडणूक झाली आणि लमांडा लुआगा नावाचा काळा डॉक्टर राष्ट्राध्यक्ष झाला. मँड्रेकचा साथीदार लोथार सुरुवातीला बिबट्याचं कातडं पांघरून मोडकंतोडकं बोलायचा. १९६५मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आला आणि त्या सुमारास लोथार नीट कपड्यांत नीट बोलू लागला. १९७७मध्ये वेताळाने चाळीस वर्षं ताटकळत ठेवलेल्या डायनाशी लग्न केलं, आणि लग्नानंतरही तिने संयुक्त राष्ट्रांमधलं काम सोडलं नाही.

याला कोणी नवीन अवतार वगैरे म्हटलं नाही. मोठा गाजावाजा झाला नाही. गोष्ट चालू ठेवून लेखक चुका दुरुस्त करत गेला. पुरेशा केल्या का? नाही. मुखवटा शेवटपर्यंत त्याच घराण्याकडे राहिला.

धोतर नेसलेला स्पायडरमॅन

यानंतर अमेरिकी कंपन्यांना एक नवी अडचण आली. चाळीस-चाळीस वर्षांच्या गोष्टी साचल्या, की बारा वर्षांच्या मुलाला मध्येच आत शिरता येत नाही. म्हणून २०००मध्ये मार्व्हलने 'अल्टिमेट स्पायडरमॅन' काढला. तोच पीटर पार्कर, पण गोष्ट पहिल्यापासून, आजच्या काळात. २०११मध्ये त्याच मालिकेत पीटर मरतो आणि मुखवटा माइल्स मोरालेस नावाच्या पोराकडे जातो. बाप काळा, आई पोर्तो रिकोची. बरीच ओरड झाली. आज माइल्सशिवाय स्पायडरमॅन कोणाला सुचत नाही.

या दोघांच्या मध्ये, २००४मध्ये, आपल्याकडे 'स्पायडरमॅन इंडिया' आला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी केलेला. चार अंकांचा. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला. मे काकूची माया काकू झाली, बेन काकाचा भीम काका. किरणोत्सर्गी कोळी चावण्याऐवजी एक योगी त्याला शक्ती देतो. आणि जाळीच्या लाल पोशाखाखाली चक्क धोतर.

कल्पना चांगली होती, हात कसलेले होते. पण मुंबईत कॉलेजला जाणाऱ्या पोराला धोतर कोण नेसवतं हो? आपल्याकडे आजोबाही लग्नकार्याला सोडून नेसत नाहीत. हा बदल बाहेरून बघणाऱ्याला भारतीय वाटावा असा होता. आतल्याला तो गणपतीत शाळेच्या स्नेहसंमेलनात उभा राहिल्यासारखा वाटायचा.

आता २०२३चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' बघा. तोच पवित्र प्रभाकर त्यात परत आला. या वेळी तो मुंबई आणि मॅनहॅटन मिसळलेल्या 'मुंबॅटन' शहरात झोके घेतो, केसांची फार काळजी घेतो, आणि कोणी 'चाय टी' म्हटलं की वैतागतो, कारण चाय म्हणजेच चहा. तो चित्रपट भारतात दहा भाषांत लागला आणि त्यात मराठीही होती. मी नाशिकमध्ये तो भाचीबरोबर पाहिला. 'चाय टी'च्या जागेवर सगळं थिएटर हसलं, आणि मला इंद्रजालचा तो अनामिक मराठी संपादक आठवला. पोशाख वाचकाच्या डोळ्यांना दिसतो, पण वाचक आपला होतो तो शब्दाने.

नवा वाचक म्हणजे नक्की कोण?

इथपर्यंत मी लेखक-चित्रकारांबद्दल बोललो. पण खरा अडथळा मला दुसरीकडे दिसतो.

आपला मराठी घरचा नायक घ्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल हाणणारा आणि 'टॉक्' करणारा. अंगात काही शक्ती नाही, डोकं आणि पाय मात्र पळतात. १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर सुमीत राघवन त्याच्या रूपात दिसला. २०१७मध्ये आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला. अमेय वाघने छान काम केलं, आणि दिलीप प्रभावळकर स्वतः भागवत झाले होते. मला आवडला. पण त्यातला फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण आहे आणि परीक्षेतला घोटाळा शोधतो. म्हणजे शाळकरी फेणे वाचून मोठे झालेल्यांबरोबर फेणेही मोठा झाला! शाळकरी पोरांना त्यांच्या वयाचा फेणे पुन्हा मिळालाच नाही.

जुन्या कॉमिक्सचंही तेच. तमिळमध्ये शिवकाशीहून मुत्तू आणि लायन कॉमिक्स अजूनही निघतात, ही कौतुकाचीच गोष्ट. फँटमही भारतात इंग्रजीत आणि हिंदीत पुन्हा छापला जातो. पण ही पुस्तकं विकत कोण घेतं? मीच घेतो. चकचकीत कागद, टणक पुठ्ठा, आणि घरी आल्यावर भाचीला सांगायचं, हात धुऊन ये, पानं दुमडू नकोस. चार आण्याच्या भाड्याने फिरणारा अंक फाटायलाच छापलेला होता. तो फाटत होता म्हणजे वाचला जात होता. आज आपण नव्या वाचकाच्या नावाने जुन्या वाचकाचं लहानपण परत विकत घेतोय, असं मला स्वतःकडे बघूनच वाटतं.

इंद्रजाल बंद पडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९१मध्ये, 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सुरू झाला. ना मुखवटा, ना शपथ, ना कवटी. पण तो रोज सकाळी, दुधाच्या पिशवीबरोबर, वेगळे पैसे न देता घरात यायचा. अक्षरं जोडून वाचायला शिकलेली किती पोरं त्या तीन-चार चौकटींवर मराठी वाचायला लागली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नायक पोरांपर्यंत पोचण्यासाठी आधी वाट लागते. वाट म्हणजे भाड्याचं दुकान, पेपर, स्टेशनवरचा स्टॉल. या वाटा बंद झाल्या आणि आपण म्हणत राहिलो, की हल्लीची मुलं वाचत नाहीत.

माझी भाची सेमी-इंग्रजीत शिकते. मराठी वाचते, पण बोटाने. तिला मी दिला तो वेताळ जुन्या, जड मराठीत बोलत होता. तरी ती बारा पानं वाचून गेली, आणि मग तिने दोन प्रश्न विचारले. म्हणजे वाचक हजर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग

दुसऱ्या दिवशी मी शहाणपण केलं. रद्दीतून एक मुखपृष्ठ गेलेला अंक काढला, व्हाइटनरची बाटली दिली आणि म्हटलं, "फुग्यातलं सगळं खोड. तुला पाहिजे ते लिही." ज्यांनी जुने अंक जिवापाड जपलेत त्यांनी मला माफ करावं.

दोन दुपारी ती त्यावर बसली होती. चुका भरपूर, काना-मात्रा कुठेही. पण शेवटच्या पानावर आल्यावर ती म्हणाली, "मामा, मास्क घातला की आत कोण आहे ते कळतच नाही ना कोणाला?"

"नाही."

"मग आता गुरन घालेल."

गुरन म्हणजे बंदार टोळीचा मुखिया, वेताळाचा लहानपणापासूनचा मित्र. आठवतंय ना, मी सुरुवातीला म्हटलं होतं, की वेताळाची सगळी ताकद लोकांच्या समजुतीत आहे? मुखवट्यामागे माणूस बदलला तरी वेताळ तोच राहतो, हा या गोष्टीचा पायाच आहे. फॉकने तो घातला १९३६मध्ये, पण एका घराण्याबाहेर त्याला जाता आलं नाही. माइल्स मोरालेसच्या लेखकांना २०११मध्ये जाता आलं. माझ्या भाचीला व्हाइटनरची अर्धी बाटली लागली. आणि तिने वेताळाचं काही मोडलं नाही. शपथ तीच ठेवली, कवटीची अंगठी तीच ठेवली, रात्रीची राखणही तीच. फक्त राखण करणारा त्या जंगलातला केला.

आरवलीला वेतोबाच्या पायांशी लोक नव्या चपला ठेवतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की देव बदलला. झिजलेल्या चपला पायात ठेवून त्याला फिरायला लावणं, हेच उलट वाईट. चालायचं तर चपला नव्या लागणारच. आणि त्या कोणाच्या मापाच्या, हे त्या त्या काळच्या गावाने ठरवायचं.

आता एक काम तुमच्यासाठी. माळ्यावर, पलंगाखाली, जुन्या सुटकेसमध्ये जे काही इंद्रजाल, चांदोबा, फेणे पडलंय, ते खाली काढा. एखादा फाटका अंक पोरांना द्या, व्हाइटनरसकट. आणि त्यांनी काही विचारलं तर "जुनं आहे ते" म्हणून उठून जाऊ नका. मी गेलो होतो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे वेताळाचा पुढचा अंक येत्या दिवाळीच्या सुट्टीत निघणार आहे. आजीच्या घरी, एकच प्रत. भाडं चार आणेच राहील, असं प्रकाशिकेने कळवलंय.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.